हॅम्लेट (सूडनाट्य)

हॅम्लेट : विल्यम शेक्सपिअरची (१५६४–१६१६) पाच अंकी शोकांतिका, लेखन साधारणतः १५९९ ते १६०१. डेन्मार्कच्या राजपुत्राने घेतलेला पित्याच्या खुनाचा सूड हा विषय. नाटक संपेपर्यंत खुनी काका क्लॉडिअससह आठ जणांचा बळी जातो.

पाठ : १६०३ व १६०४–०५ च्या क्वार्टो आणि १६२३ चा फोलिओ असे तीन जुने छापील पाठ. १६०३ चा पाठ त्रोटक असून त्याच्या दोनच प्रती उरल्या आहेत. पहिली १८२३ मध्ये सापडली.

मूळ कथा : सॅक्सो ग्रॅमॅटिकसच्या लॅटिन इतिहासातील अ‍ॅम्लेथची कथा, ती बेलफोरेच्या फ्रेंच रूपांतरातून (१५७०) इंग्लंडात पोचली असावी. दरम्यान रंगभूमीवर आलेले एक जुने हॅम्लेट नाटक आज उपलब्ध नाही. ते टॉमस किडचे असल्याचे मत आहे, पण निर्णायक पुरावा नाही. नाटकातले पित्याचे भूत सॅक्सोच्या कथेत नाही. तिथे अ‍ॅम्लेथ दरबाऱ्यांना दारू पाजून दालनासकट जाळतो, तलवारींची अदलाबदल करून काकाला मारतो आणि स्वतः राजा होतो. सूड तिथे फळतो. शेक्सपिअरने हे फळ काढून घेतले, आणि नाटकाची थोरवी त्यातच आहे.

सूडाचा परिणाम : तिसऱ्या अंकात क्लॉडिअस एकटा गुडघे टेकून प्रार्थना करताना सापडतो. हॅम्लेट तलवार उपसतो आणि परत म्यान करतो. प्रार्थनेत मेलेला पापी स्वर्गात जाईल आणि आपल्याला तर त्याला नरकात धाडायचे आहे, हा त्याचा हिशेब. त्याची पाठ वळताच क्लॉडिअस उठतो आणि प्रार्थना वर पोचलीच नाही, अशी कबुली देतो. हॅम्लेटच्या चालढकलीची कारणे टीकाकारांनी नाना सांगितली आहेत. या प्रवेशात तरी अडसर भित्रेपणाचा नसून मरणापलीकडचे मागणाऱ्या सूडाचा आहे. पुढच्याच प्रवेशात, आई गर्ट्रूडच्या महालात, तो पडद्याआडच्या माणसाला क्लॉडिअस समजून भोसकतो. मरतो दरबारी पोलोनिअस. त्याची मुलगी ऑफीलिया वेडी होऊन बुडते (अपघात की आत्महत्या, हे नाटकातच वादग्रस्त) आणि मुलगा लेअर्टीझ स्वतः सूडकरी बनतो. रोझेनक्रान्ट्झ व गिल्डनस्टर्न या बालमित्रांना हॅम्लेट बनावट पत्राने मृत्यूच्या तोंडी देतो. पत्रावर मोहोर वडिलांच्याच मुद्रेची. शेवटच्या द्वंद्वात लेअर्टीझची विषारी तलवार झटापटीत हॅम्लेटच्या हाती येते आणि हॅम्लेटसाठी ठेवलेला विषाचा पेला राणी गर्ट्रूड पिते. पित्याच्या वधाचा सूड सोडलेला तिसरा मुलगा, नॉर्वेचा फोर्टिनब्रास, याला राज्य आयते मिळते.

चित्रपट : लॉरेन्स ऑलिव्हिए (१९४८), कोझिन्त्सेव (१९६४), विशाल भारद्वाज (हैदर, २०१४).

मराठी अवतार : गोपाळ गणेश आगरकर यांचे विकारविलसित (१८८३). मानहानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना आगरकरांनी या भाषांतराचे काम केले. त्यांचा हॅम्लेट म्हणजे चंद्रसेन. राजपुत्राचे नाव बाजूला ठेवून आगरकरांनी शीर्षकातच दोष विकारांवर ठेवला. नाटकाचा इतका नेमका अर्थ सांगणारे शीर्षक दुसऱ्या मराठी अनुवादाला लाभलेले नाही. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी (१८६७–१९२२) चंद्रसेनाची भूमिका गाजवली. नाना जोग यांचा अनुवाद चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली २०१८ मध्ये रंगमंचावर आला. हॅम्लेट सुमीत राघवन.