परीक्षेचे दार उघडले, ग्रंथालयाचे कधी?

घरी राहून, नोकरी करून पदवी घेण्याची सोय नवी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली कॉलेजात नाव नसलेल्यांनाही पदवी परीक्षेला बसू दिले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इग्नू आले, १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. या व्यवस्थेमुळेच आपल्या वस्तीतले सिक्युरिटी गार्ड, आशाताई, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बहिणी पदवीधर होऊ शकल्या. हे श्रेय दिलेच पाहिजे.

पण या इतिहासात उघडले गेले ते परीक्षेचे दार. ग्रंथालयाचे दार अर्धवटच राहिले. विद्यार्थ्याच्या हाती पडली ती छापील पुस्तिका. पुस्तिका वाचून पास होता येते, पण तिच्यात जे लिहिले आहे ते खरे की खोटे हे तपासता येत नाही. त्यासाठी दुसरे पुस्तक लागते, मूळ अहवाल लागतो. ज्यांचा इतिहास पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनीच लिहिला, त्या समाजाने एका पुस्तिकेवर समाधान मानायचे का?

बाबासाहेबांकडे पाहा. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. तिथे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते तासन्‌तास बसत. १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ नेमलेल्या पुस्तकांतून आलेला नाही. सरकारी अहवाल आणि कागदपत्रे उलटून पाहिल्याशिवाय तो लिहिताच आला नसता.

कोणी म्हणेल, आता मोबाइलवर सगळे मिळते. मिळते, पण फॉरवर्ड झालेल्या मेसेजला पान क्रमांक नसतो. वादात समोरचा पुरावा मागतो, तेव्हा आपले कार्यकर्ते इथेच अडखळतात.

आमच्या ओळखीच्या अनेकांना ग्रंथालयाच्या काउंटरवर एकच उत्तर मिळाले आहे : "तुम्ही रेग्युलर नाही." ते ऐकून मुले निमूट परत येतात. इथे महाडचा धडा आठवावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. तरीही चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या ओंजळीत आले नाही. दोन्ही प्रसंगांची तुलना होऊ शकत नाही, पण धडा एकच आहे : कागदावरचा हक्क वापरल्याशिवाय हक्क होत नाही.

म्हणून प्रवेश घेताच अभ्यासकेंद्रावर आणि मुख्य ग्रंथालयात लेखी विचारा. आम्हाला सभासद कार्ड मिळते का? अनामत किती? विद्यापीठाने पैसे भरून घेतलेली ऑनलाइन नियतकालिके घरून वाचण्यासाठी लॉगिन मिळते का? नकार आला तर कारण लेखी मागा. सरकारी विद्यापीठ असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. एकट्याने जमत नसेल तर विहारातल्या अभ्यासगटाने मिळून अर्ज द्या.

उत्तर येईपर्यंत जे खुले आहे ते वापरा. शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध मोफत आहेत. ई-ज्ञानकोशावर इग्नूचे अभ्याससाहित्य आहे. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड तर प्रत्येक विहारात असायलाच हवेत.

फी आपण भरतो, पदवीही त्याच विद्यापीठाची घेतो. मग त्याच्या पुस्तकांवर आपला हक्क कमी कसा? हा प्रश्न प्रत्येक काउंटरवर विचारला गेला पाहिजे.

जय भीम!