रुमालातली अळंबी

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळतो, आणि वाचता वाचता कधी आपलीच जुनी चूक समोर येऊन उभी राहते. परवा स्वीडनच्या एलियास फ्रीसबद्दल वाचत होते, तेव्हा तसेच झाले.

१८०६ ची गोष्ट. फेमशो गावच्या पाद्र्यांचा हा मुलगा, वय जेमतेम बारा. आईबरोबर रानात स्ट्रॉबेरी वेचायला गेला आणि त्याला एक अळंबी दिसली. छत्री वगैरे काही नाही. पोवळ्यासारख्या पांढऱ्या फांद्या आणि त्यांना लोंबणारे बारीक दात. हीच हेरिशियम कोरॅलॉइडीस. अळंब्यांचे वेड आपल्याला हिच्यामुळे लागले, असे त्याने पुढे लिहून ठेवले. १८२१ ते १८३२ या काळात त्याचा 'सिस्टेमा मायकॉलॉजिकम' हा ग्रंथ निघाला. अळंब्यांची शास्त्रीय नावे ठरवताना आजही त्याचा आधार घेतात.

हिचीच बहीण हेरिशियम एरिनेशियस. हिला फांद्या नसतात; एकाच गड्ड्यातून लांब दात लोंबतात, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे. 'लायन्स मेन' या नावाने ती विकली जाते, चीनमध्ये तिची मोठी लागवड होते. आणि गंमत बघा, ब्रिटनच्या रानात ती इतकी दुर्मिळ, की १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली तिला तोडायला बंदी आहे! कोरॅलॉइडीसही तिथे दुर्मिळच, पण त्या यादीत तिचे नाव नाही.

मला वाटते, यादीने निम्मेच काम होते. आपल्याला दिसते ते नुसते फळ. खरा जीव लाकडाच्या आत, तंतूंच्या रूपात वर्षानुवर्षे राहतो. एरिनेशियसला म्हातारा बीच किंवा ओक लागतो, कोरॅलॉइडीसला बहुधा पडून कुजणारे खोड. रान 'स्वच्छ' केले, की अळंबीला कोणी हात न लावताही दोघी जातात.

आता माझी चूक. एका पावसाळ्यात चौथीतला एक मुलगा ओंडक्यावरची अळंबी रुमालात घेऊन वर्गात आला. "बाई, हे काय?"

"विषारी असेल, टाक आधी! हात धू."

हात धुवायला लावले ते बरोबरच. पण "चल, नाव शोधू या," एवढे म्हणायला काय हरकत होती? त्यानंतर त्याने वर्गात कधी काही आणले नाही.

असो. तुमच्या नातवंडांनी असे काही आणले, तर हात जरूर धुवायला लावा. आणि मग विचारा, "कुठल्या झाडावर होतं रे?"