लिनक्सवर बाह्य मॉनिटर परत का जोडला जात नाही?

लॅपटॉप झोपेतून उठतो, केबल जागेवर असते, तरीही बाहेरचा मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो. बहुतेक जण अशा वेळी लॅपटॉप रीस्टार्ट करतात. चित्र परत येते, पण दोषाचा पुरावा पुसला जातो आणि अडचण काही दिवसांनी पुन्हा उभी राहते. मॉनिटर जोडला जाण्याच्या चार पायऱ्या आहेत. कोणती पायरी चुकली हे ठरवावे, मगच उपाय करावा.

१. हजेरी : एचडीएमआयमध्ये लॅपटॉप १८व्या पिनवर ५ व्होल्ट देतो आणि मॉनिटर १९व्या पिनवर, म्हणजे ‘हॉट प्लग डिटेक्ट’वर, आपण हजर असल्याचे कळवतो. हा बदल पाहून कर्नल जागा होतो.

२. ओळख : मग मॉनिटरची ‘ईडीआयडी’ वाचली जाते. तिचा मूळ भाग १२८ बाइटांचा असतो आणि सर्व बाइटांच्या बेरजेला २५६ने निःशेष भाग जावा लागतो. ही माहिती मिळाली नाही, तर कर्नल सहसा १०२४×७६८ पर्यंतचीच रिझोल्यूशन देतो. मोठ्या पडद्यावर एवढेच पर्याय दिसणे ही या दोषाची ठळक खूण.

३. दुवा : डिस्प्लेपोर्टमध्ये दोन्ही बाजू वेग आणि लेन ठरवतात, याला ‘लिंक ट्रेनिंग’ म्हणतात. ते फसले की मॉनिटर यादीत दिसतो, पण पडदा काळाच राहतो. रिफ्रेश रेट कमी करून किंवा आखूड केबल लावून पाहावे.

४. मांडणी : शेवटी कर्नल ‘युडेव्ह’मार्फत डेस्कटॉपला वर्दी देतो. नोम किंवा केडीई जतन केलेली मांडणी लावतात. एक्स११वर नुसता आय३ चालवणाऱ्याला मात्र ‘एक्सरँडर --ऑटो’ स्वतः द्यावे लागते.

आता निदान. ‘/सिस/क्लास/डीआरएम’ या डिरेक्टरीत प्रत्येक कनेक्टरची ‘स्टेटस’ फाइल असते. इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. ही फाइल वाचल्याने नवी तपासणी होत नाही. कर्नलने शेवटी जे पाहिले, तेच ती सांगते. त्यामुळे तिथला ‘डिसकनेक्टेड’ शिळा असू शकतो. रूट म्हणून त्याच फाइलीत ‘डिटेक्ट’ हा शब्द लिहिला की कर्नल कनेक्टर नव्याने तपासतो. उत्तर ‘कनेक्टेड’ झाले, तर केबल ठीक आहे, फक्त वर्दी हुकली होती. उत्तर तेच राहिले, तर केबल, पोर्ट किंवा डॉक बदलून पाहावा. यूएसबी-सी पोर्टला मुळात डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड आहे ना, हेही पाहावे. तो नसेल तर साध्या यूएसबी-सी केबलने चित्र येणारच नाही.

एक्स११वर नुसते ‘एक्सरँडर’ चालवल्यानेही तपासणी होते, ‘--करंट’ जोडल्यास होत नाही. म्हणून ‘मी फक्त यादी पाहिली आणि मॉनिटर सुरू झाला’ हा योगायोग नसतो. हुकलेल्या वर्दीचाच तो पुरावा असतो.

वर्दीची खात्री करायची, तर ‘युडेव्हएडीएम मॉनिटर’ चालू ठेवून केबल काढावी आणि लावावी. डीआरएमची ‘चेंज’ ओळ उमटली, तर पहिली पायरी शाबूत आहे. ‘स्टेटस’शेजारची ‘ईडीआयडी’ फाइल रिकामी असेल, तर दोष दुसरीत आहे. ती भरलेली असून डेस्कटॉपच्या यादीत मॉनिटर सुरू दिसतो, पण पडदा काळा, तर तिसरीत; डेस्कटॉप त्याला सुरूच करत नसेल, तर चौथीत.

लिनक्स प्रत्येक पायरीची नोंद वापरकर्त्यासमोर उघडी ठेवतो. ती आधी वाचून घेतली, तर दुरुस्ती टिकते. आणि दोष ड्रायव्हरचा निघाला, तर तो सुधारणाऱ्यांच्या हाती नेमकी माहिती देता येते.