चॉकलेट: एक नाव, दोन पदार्थ

"डॉक्टर, चॉकलेट खाल्ले तर चालेल का?" मधुमेही आजोबांपासून किडक्या दातांच्या नातवापर्यंत सगळ्यांच्या वतीने हा प्रश्न दवाखान्यात विचारला जातो. उत्तर देण्याआधी मला उलट विचारावे लागते, "कोणते चॉकलेट?"

कारण परभणीत, किंबहुना सगळ्या मराठवाड्यात, 'चॉकलेट' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ येतात. झेंडावंदनानंतर शाळेत मुलांच्या हातावर ठेवतात तेही चॉकलेट, आणि वाढदिवसाला चकचकीत वेष्टनातली तपकिरी वडी भेट देतात तेही चॉकलेट. पहिले म्हणजे साखरेच्या पाकाची कडक गोळी. तिच्यात कोको बहुधा नसतोच. दुसरे कोकोचे. त्यात कोको, साखर, दूध आणि भरपूर स्निग्धांश असतो. शरीरात गेल्यावर दोन्ही वेगळी वागतात. नाव मात्र एक कसे झाले, हे समजून घेण्यासाठी थोडा इतिहास पाहू. शेवटी त्याचा उपयोग तुमच्या खिशातल्या चॉकलेटपर्यंत येतो.

कडू पेय आणि सुट्टे पैसे

कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातले लोक त्याच्या बिया आंबवून, भाजून, वाटून पाण्यात घुसळत आणि फेसाळ पेय पीत. त्यात कधी मिरची घालत, कधी मक्याचे पीठ. त्यांच्याकडे ऊस नव्हता, त्यामुळे हे पेय प्रामुख्याने कडूच असे. अ‍ॅझ्टेक लोक याच बियांचा बाजारात नाणे म्हणूनही वापर करत. आपल्याकडे किराणा दुकानदार "सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या" म्हणतो, तेव्हा तो नकळत पाचशे वर्षांपूर्वीची प्रथा चालवत असतो!

१५१९ साली स्पॅनिश सैनिक मेक्सिकोत उतरले आणि पुढे हे पेय युरोपात गेले. तिथे त्यात साखर पडली. चॉकलेटच्या इतिहासातला हा सर्वात मोठा बदल. पदार्थ तोच राहिला, पण त्यातला मुख्य घटक हळूहळू बदलू लागला.

डॉक्टरांच्या हाती चॉकलेट

युरोपात चॉकलेट आधी डॉक्टरांच्या चर्चेचा विषय झाले. १६३१ साली अँटोनियो कोल्मेनेरो दे लेदेस्मा या स्पॅनिश वैद्याने चॉकलेटच्या गुणधर्मांवर पुस्तिका लिहिली. चॉकलेट प्रकृतीने थंड की उष्ण, कोणाला मानवते आणि कोणाला नाही, यावर त्या काळचे वैद्य वाद घालत. "चॉकलेट गरम पडते का हो?" हा तुमचा प्रश्न किती जुना आहे पाहा! उपवासाला ते चालते का, यावर धर्मगुरूंमध्येही वाद झाले. साबुदाणा चालतो आणि पोळी नाही, हे मान्य करणाऱ्या आपल्याला ती चर्चा परकी वाटू नये.

सतराव्या शतकाच्या अखेरीस हॅन्स स्लोन हा डॉक्टर जमैकाहून लंडनला परतला. पुढे त्याच्या नावाने दुधातले चॉकलेट औषधविक्रेते विकू लागले. म्हणजे 'डॉक्टरांनी सांगितलेले पौष्टिक चॉकलेट' ही जाहिरात तीनशे वर्षांची आहे. तिचा वारसा आजही डब्यांतून विकला जातो. दुधात घालायच्या कोकोच्या बहुतेक पावडरींमध्ये साखरेचे प्रमाण मोठे असते, तरी आई-वडील त्या ताकद म्हणून देतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सूचना दिली, की बोर्नव्हिटासह अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरात विकू नका. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही.

पेयाची वडी कशी झाली

एकोणिसाव्या शतकात तीन शोध लागले आणि आजचे चॉकलेट तयार झाले.

१८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांच्या कारखान्यात कोको दाबून त्यातील स्निग्धांश वेगळा काढण्याची पद्धत आली. तो स्निग्धांश म्हणजे कोको बटर, आणि उरलेल्या चोथ्याची पूड म्हणजे कोको पावडर. १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोको, साखर आणि कोको बटर एकत्र करून चावून खाण्याची वडी केली. १८७५ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरने त्यात आटवलेले दूध मिसळले. मिल्क चॉकलेट जन्माला आले.

प्रत्येक पायरीवर चव वाढली आणि कोकोचा वाटा घटला. आज नेहमीच्या मिल्क चॉकलेटचे वेष्टन उलटून वाचा. १०० ग्रॅममध्ये साधारण निम्मी साखर असते.

आपल्याकडे आधी गोळी आली

आता महाराष्ट्रात येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळ रावळगावला साखर कारखाना काढला. १९४२ पासून तिथे साखरेच्या गोळ्याही बनू लागल्या. साखर घरचीच होती, आणि पाक कडक केला की गोळी तयार! रावळगावची गोळी महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांनी चघळली. 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' अनेकांना आजही आठवतील. २०२४ मध्ये हा गोळ्यांचा ब्रँड रिलायन्स समूहाच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतला.

कोकोचे चॉकलेट बनवणारी कॅडबरी कंपनी भारतात जुलै १९४८ मध्ये सुरू झाली. त्या महिन्यात परभणी अजून निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले. आज त्या मुक्तिसंग्राम दिनी झेंडावंदनानंतर पोरांना 'चॉकलेट' मिळते, आणि ती असते साखरेची गोळी.

मराठवाड्यात गोळीच का रुळली, याचे एक कारण आपल्या उन्हात आहे. कोको बटर सुमारे ३४ अंशांना वितळते, म्हणून तर ते जिभेवर विरघळते. परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत दुकानात फ्रीज नसेल तर खरे चॉकलेट टिकणार कसे? कडक पाकाची गोळी मात्र बरणीत महिनोन्‌महिने राहते आणि स्वस्तही पडते. कोकोचे चॉकलेट महाग आणि नाजूक, म्हणून ते खेड्यात पोचले फार उशिरा. नाव मात्र आधीच गोळीला चिकटले होते.

साठवणुकीचा प्रश्न २००३ साली गाजलाही होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत कॅडबरीच्या काही वड्यांत अळ्या सापडल्याच्या तक्रारींवरून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. त्यानंतर कंपनीने अधिक घट्ट वेष्टन आणले. तुम्हीही घेताना वेष्टन फाटलेले नाही ना, हे पाहा. वडीवर नुसती पांढुरकी झाक असेल तर ती बहुधा वितळून पुन्हा गोठलेल्या कोको बटरची असते, बुरशीची नव्हे. बुरशीसारखी लव, जाळी किंवा खवट वास असेल तर मात्र फेकून द्या.

दातांनी मोजलेली किंमत

गोळ्यांनी दात किडतात, हे आज सगळे म्हणतात. हे सिद्ध कसे झाले, ती कथा मात्र वेदनादायक आहे. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या लुंड शहरातील व्हिपेहोल्म या संस्थेत मतिमंद रुग्ण राहत होते. त्यांना दातांना चिकटणाऱ्या टॉफी मुद्दाम खाऊ घालण्यात आल्या आणि दात किती किडतात ते पाहिले गेले. त्या रुग्णांची संमती घेतली गेली नव्हती. आज असा प्रयोग कोणतीही नैतिकता समिती होऊ देणार नाही.

त्यांच्या दातांनी किंमत मोजली आणि जगाला कळले, की एकूण साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, हे जास्त महत्त्वाचे. जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर अधूनमधून चघळलेली गोळी जास्त घातक. यावरूनच पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड खाऊ आठवड्यातून एकदाच, शनिवारी, देण्याची पद्धत रुजली. आपल्याकडे रविवार किंवा बाजाराचा दिवस ठरवायला काय हरकत आहे?

आणखी एक सूचना. चार वर्षांखालच्या मुलाला कडक गोळी देऊच नका. ती श्वासनलिकेत अडकू शकते.

खिशातले चॉकलेट

आता सर्वात महत्त्वाचे. इन्सुलिन किंवा साखर एकदम कमी करू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही माणसाला आम्ही सांगतो, "खिशात काहीतरी गोड ठेवा." घरी जाईपर्यंत त्याचे 'चॉकलेट ठेवा' होते. शिकलेला मुलगा मग आवर्जून चांगले, महागडे, कोकोचे चॉकलेट आणून देतो. प्रेमापोटी केलेली ही चूक ऐन वेळी महागात पडू शकते.

घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे. अशा वेळी गोड काही मिनिटांत रक्तात पोचायला हवे. कोकोच्या चॉकलेटमधला स्निग्धांश पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतो, म्हणून त्यातली साखर उशिरा पोचते. इथे स्वस्त साखर सरस ठरते. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून प्या. प्रवासात काहीच नसेल तर चार-पाच साध्या गोळ्या चावून खा, चघळत बसू नका. पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर तपासा. ७० पेक्षा कमी असेल तर पुन्हा तेवढेच घ्या. बरे वाटल्यावर जेवा.

तुम्ही व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध घेत असाल, तर नेहमीची साखर लवकर पचत नाही. तुम्ही ग्लुकोज पावडरच जवळ ठेवा. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.

मग डार्क चॉकलेट हृदयाला चांगले ना?

कोकोत फ्लॅव्हॅनॉल नावाची द्रव्ये असतात आणि ती रक्तवाहिन्या सैल करायला मदत करतात, हे खरे. पण अमेरिकेत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या 'कॉसमॉस' अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यात कोकोच्या अर्काची कॅप्सूल दिली होती, चॉकलेट नव्हे. हृदयविकार, पक्षाघात अशा सर्व घटना मिळून पाहिल्या तर खात्रीने म्हणावी अशी घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण तेवढ्यावरून कोणी औषध म्हणून चॉकलेट सुचवू नये. आवडते म्हणून दोन तुकडे खा. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच ठेवा.

घरी करताना

आज गावोगावी महिला घरी चॉकलेट करतात. राखी, दिवाळी, हळदीकुंकू, साच्यात पाडलेली चॉकलेटे सगळीकडे दिसतात. यासाठी बहुधा 'कंपाऊंड'ची लादी वितळवतात. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, म्हणून ते आपल्या उन्हातही आकार धरते. पण ही चरबी बहुतेकदा पामसारख्या तेलापासून घट्ट केलेली असते आणि संपृक्त असते. जानेवारी २०२२ पासून तेल-तूप वापरलेल्या खाद्यपदार्थांतील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगले झाले. तरी पाकिटावरचे घटक वाचून, नामांकित, सीलबंद लादीच घ्या.

चॉकलेट बर्फी किंवा शिरा करताना ड्रिंकिंग चॉकलेट न वापरता साखर नसलेली कोको पावडर वापरा, म्हणजे गोडी तुमच्या हातात राहते. किंवा आपल्या मातीतले हे लाडू करून पाहा. एक वाटी बिया काढलेला खजूर, पाऊण वाटी भाजलेले शेंगदाणे, दोन चमचे भाजलेले तीळ आणि दोन मोठे चमचे कोको पावडर मिक्सरमधून फिरवा आणि लहान लाडू वळा. पाक नको, तूप नको. खजुरातही साखर असतेच, म्हणून मधुमेहींनी एक छोटा लाडू खावा आणि तो जेवणाच्या हिशेबात धरावा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी हे लाडू टाळावेत.

थोडक्यात

- गोळी आणि कोकोचे चॉकलेट यांना घरात वेगवेगळ्या नावांनी हाक मारा.
- गोड जेवणानंतर एकदाच खा, दिवसभर चघळू नका. वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा.
- साखर उतरली तर साखर किंवा ग्लुकोज घ्या, कोकोचे चॉकलेट नको.
- पुढच्या वेळी "चॉकलेट चालेल का?" विचारायला याल, तेव्हा त्याचे वेष्टनही घेऊन या. उत्तर त्यावरच लिहिलेले असते.