एका अक्षराची किंमत : डालोनेगाची टांकसाळ आणि तिची सोन्याची नाणी



आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींना प्रश्न पडला असेल की, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस नाण्यांकडे कसा वळला? आम्ही काही नाण्यांचे संग्राहक नाही. निवृत्त प्राध्यापकाच्या पेन्शनीत तो छंद बसतही नाही. पण या नाण्यांमध्ये एक प्रश्न लपलेला आहे, आणि तो आमच्या विषयातला आहे. म्हणून हा आगाऊपणा.

अशी कल्पना करा की आपल्यासमोर दोन नाणी ठेवली आहेत. दोन्ही अमेरिकेची, दोन्ही अडीच डॉलरची, दोन्हींवर साल १८५६. या नाण्याला तिकडे क्वार्टर ईगल म्हणतात. दोघांचं वजन ४.१८ ग्रॅम, दोघांत नव्वद टक्के सोनं. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला गरुड. फरक एवढाच की एका नाण्यावर गरुडाखाली रोमन लिपीतलं बारीकसं ‘डी’ अक्षर आहे आणि दुसऱ्यावर नाही. बिनअक्षरी नाणं फिलाडेल्फियाच्या मुख्य टांकसाळीतलं. त्या वर्षी तिथं अशी साडेतीन लाखांहून अधिक नाणी पाडली गेली. ‘डी’ अक्षराचं नाणं जॉर्जिया राज्यातल्या डालोनेगा गावच्या शाखा टांकसाळीतलं. तिथं त्या वर्षी पाडली गेली फक्त ८७४. आज लिलावात पहिल्याच्या कितीतरी पट किंमत दुसऱ्याला मिळते.

आता बघा, सोनं तेवढंच, छाप तीच. मग पैसे कशाचे मोजले जातात?

आपल्याकडे सोन्याचा दाखला फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, माती, सोनं आणि लोखंड यांचे दाखले देतो. वस्तू अनेक, नावं अनेक, पण खरं काय ते मूळ द्रव्य. पुढं आपल्या संतांनीही दागिने आणि सोनं हा दृष्टांत इतक्या वेळा वापरला की तो घराघरांत रुळला. बांगडी मोडली तरी सोनं कुठं जातं? संग्राहक नेमका याच्या उलट बोलतो. तो म्हणतो, सोनं कुठंही मिळेल, मला हे ‘डी’ हवं. आमच्या मते हा निव्वळ हट्ट नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, मात्र ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं काय, ते आज पाहू.

त्यासाठी आधी त्या गावी जायला हवं.

उत्तर जॉर्जियाच्या डोंगराळ भागात १८२८-२९ च्या सुमारास सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली. कॅलिफोर्नियाच्या प्रसिद्ध झुंबडीच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट. सोनं निघालं खरं, पण त्याचं करायचं काय? टांकसाळ फिलाडेल्फियाला, म्हणजे शेकडो मैल दूर. रस्ते कच्चे, वाटेत लुटीची भीती. त्यामुळे स्थानिक व्यवहारात सोन्याची भुकटीच तोलून द्यायची आणि घ्यायची. तोलणारा खाली हात मारणार, कसाबद्दल वाद होणार, हे आपल्या सराफकट्ट्याकडं पाहिलेल्यांना सांगायला नको.

३ मार्च १८३५ च्या कायद्यानं काँग्रेसनं तीन शाखा टांकसाळी मंजूर केल्या : न्यू ऑर्लिन्स, नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट आणि जॉर्जियातलं डालोनेगा. तिन्ही ठिकाणी १८३८ मध्ये नाणी पाडायला सुरुवात झाली. शार्लट आणि डालोनेगा इथं फक्त सोन्याचीच नाणी निघत. खाणवाल्यानं भुकटी किंवा गोळे आणायचे, तिथं वजन व्हायचं, मुशीत वितळवून कस लावायचा आणि हिशेब करून त्याला नाणी द्यायची. छाप मारायचे ठसे मात्र फिलाडेल्फियाहून कोरून यायचे. नाणं कुठलं आहे हे कळावं, आणि वजनाकसात खोट निघाली तर कुणाला जाब विचारायचा हेही कळावं, म्हणून शाखेचं अक्षर. म्हणजे ‘डी’ ही शोभेची वस्तू नव्हती, ती जबाबदारीची खूण होती. हे लक्षात ठेवा, शेवटी आपण याकडं परत येणार आहोत.

ही टांकसाळ १८३८ ते १८६१ अशी जेमतेम चोवीस वर्षं चालली. एवढ्या काळात सुमारे १४ लाख नाणी निघाली, त्यांची दर्शनी किंमत साठ लाख डॉलरच्या थोडी वर. मुख्य नाणं पाच डॉलरचं, म्हणजे हाफ ईगल. १८४३ साली ती ९८,४५२ निघाली, तो तिथला उच्चांक. अडीच डॉलरची नाणी १८३९ ते १८५९ या काळातली. एक डॉलरचं सोन्याचं नाणं १८४९ पासून. ते वजनाला १.६७ ग्रॅम, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. तीन डॉलरचं नाणं एकाच वर्षी, १८५४ मध्ये, १,१२० नग. १८४९ नंतर खाणकामगार कॅलिफोर्नियाकडं निघाले, १८५४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला टांकसाळ उघडली आणि डालोनेगाचा ओघ आटला. १८५६ चे ८७४ त्या ओहोटीतले.

पण कमी पाडली म्हणून दुर्मीळ झाली, एवढंच कारण नाही. बाजारात फिरणाऱ्या नाण्याला कुणी जपत नाही. ते झिजतं, वितळतं, हरवतं. जपायला कुणीतरी आधी पाहावं लागतं, आणि त्या अक्षराकडं पाहतच कोण होतं? त्या काळातले अमेरिकन संग्राहक सालाप्रमाणे नाणी जमवत. १८५६ चं एक मिळालं की झालं, ते कुठल्या टांकसाळीचं हे कुणी विचारत नसे. १८९३ मध्ये ऑगस्टस हीटन नावाच्या चित्रकारानं शाखा टांकसाळींवर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ही अक्षरं का जमवावीत याची कारणं एकेक करून मांडली. तिथून दृष्टी बदलली. तोवर डालोनेगाची टांकसाळ बंद पडून बत्तीस वर्षं झाली होती, आणि तिची इमारतही १८७८ मध्ये जळून गेली होती.

पुढं १९३३ साल आलं. महामंदीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ५ एप्रिलला हुकूम काढला की नागरिकांनी आपल्याकडचं सोनं सरकारजमा करावं. नाणी गोळा झाली, वितळली, विटा झाल्या. आम्ही गमतीनं म्हणतो, सरकारची मूस कट्टर अद्वैती असते, तिला नामरूप दिसतच नाही. मात्र त्या हुकमात एक अपवाद होता. संग्राहकांच्या दृष्टीनं ज्यांना विशेष मोल आहे अशी दुर्मीळ नाणी ठेवायला मुभा होती. मूळ द्रव्याच्या पलीकडं नाण्यात काही असतं, हे सरकारनं हुकमातच कबूल केलं म्हणा ना!

या मालिकेतलं सर्वांत गाजलेलं नाणं १८६१ चं एक डॉलरचं. १९ जानेवारी १८६१ ला जॉर्जिया राज्य संघराज्यातून फुटलं. फिलाडेल्फियाहून त्या सालाचे ठसे आधीच येऊन पडले होते. टांकसाळ बंडखोरांच्या हाती गेली आणि त्यांनी उरल्यासुरल्या सोन्यातून ही डॉलरची नाणी पाडली, असं नाणकशास्त्राचे अभ्यासक मानतात. किती पाडली याची नोंद सरकारी वहीत नाही. गंमत अशी की नाण्यावर शब्द आहेत ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’, आणि ते पाडणारे त्याच देशाविरुद्ध उभे. नाण्यावर लिहिलेलं सगळं खरंच असतं असं नाही, हा धडा इथं मिळतो.

संग्रह करणाऱ्यानं काय पाहावं, असं कुणी विचारेल, म्हणून दोन शब्द. पहिलं, ‘डी’ म्हणजे दरवेळी डालोनेगा नव्हे. १९०६ पासून डेन्व्हरची टांकसाळ तेच अक्षर वापरते. त्यामुळे साल आधी वाचायचं. दुसरं, अक्षराची जागा. १८३८ आणि १८३९ च्या नाण्यांवर ते मुखवट्याच्या बाजूला, सालाच्या वर आहे. पाच आणि अडीच डॉलरच्या पुढच्या नाण्यांवर ते मागं गरुडाखाली गेलं. तिसरं, फसवणूक. फिलाडेल्फियाच्या साध्या नाण्यावर बाहेरून ‘डी’ चिकटवून विकण्याचे प्रकार होतात. सोनं खरं, नाणं खरं, साल खरं, खोटं फक्त एक अक्षर, आणि तेवढ्यानं सगळंच खोटं. चौथं, चकाकीला भुलू नये. घासूनपुसून लखलखीत केलेल्या नाण्याची किंमत उतरते. आपल्या घरात दिवाळीला भांडी चिंचेनं घासायची सवय, इथं तो हात आवरायचा. नाण्यावरचा काळ पुसला तर उरतं ते नुसतं सोनं.

म्हणजे संग्राहकाचं म्हणणं काय आहे? वस्तू म्हणजे तिचं द्रव्य अधिक तिचा प्रवास. ती कुठून आली, कुणाच्या हातून गेली, हे तिच्यापासून वेगळं काढता येत नाही. न्याय-वैशेषिकांनी सोन्याला तेज या द्रव्यात घातलं आणि त्याला ‘आकरज’ म्हटलं, म्हणजे खाणीत जन्मलेलं. जन्मस्थान नावातच आहे. हे आम्हाला मान्य आहे. पण मग प्रामाणिकपणे पुढचा प्रश्न विचारावा लागतो. ती खाण कुणाची होती?

डालोनेगाच्या आसपासची जमीन चेरोकी लोकांची होती. त्यांना रानटी म्हणणं सोयीचं होतं, पण वस्तुस्थिती तशी नव्हती. सिक्वोया नावाच्या त्यांच्यातल्या माणसानं १८२१ च्या सुमारास त्यांच्या भाषेसाठी लिपी घडवली. १८२७ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना केली. १८२८ मध्ये त्यांचं स्वतःचं वृत्तपत्र निघालं, ‘चेरोकी फिनिक्स’. आणि त्याच सुमारास सोनं सापडलं. जॉर्जिया राज्यानं त्या भूमीवर आपले कायदे लादले, चेरोकींना त्यांच्याच जमिनीत सोनं खणायची बंदी केली, आणि १८३२ मध्ये सोन्याच्या पट्ट्यातली जमीन चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे करून गोऱ्या नागरिकांना सोडतीनं वाटली. हो, लॉटरीनं! त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरन्यायाधीश मार्शल यांच्या निकालात सांगितलं की चेरोकी प्रदेशात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत. निकाल कागदावर राहिला. १८३५ च्या डिसेंबरात चेरोकींच्या एका लहान गटाकडून तहावर सह्या घेतल्या गेल्या. त्यांचे प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य लोक याच्या विरोधात होते.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. एप्रिल १८३८ मध्ये डालोनेगाच्या टांकसाळीत पहिली नाणी पडली. मे १८३८ मध्ये सैन्यानं चेरोकींना घरांतून बाहेर काढून छावण्यांत कोंडायला सुरुवात केली. मिसिसिपीच्या पलीकडं, हजार मैलांच्या आत-बाहेरचा तो प्रवास, त्यात साधारण चार हजार माणसं दगावली असं मानलं जातं. इतिहासात त्याला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात. सालाच्या वर ‘डी’ असलेलं १८३८ चं पाच डॉलरचं नाणं आज संग्राहक भिंगाखाली धरतात. ते त्याच वर्षाचं आहे.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी आम्ही हा विषय घेतला. ‘डालोनेगा’ हा शब्द इंग्रजी नाही. तो चेरोकी भाषेतल्या पिवळा रंग या अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे ज्या अक्षरासाठी लोक एवढी किंमत मोजतात, ते अक्षर मुळात हुसकावलेल्या माणसांच्या भाषेतल्या एका शब्दाचं आद्याक्षर आहे. माणसं गेली, शब्द राहिला. शब्दही झिजून एका अक्षरावर आला आणि सोन्यावर उमटला.

मग संग्रह करूच नये का? आमचं मत तसं नाही. नाणी वितळली असती तर ही साक्षही गेली असती. संग्राहकानं ती वाचवली, याबद्दल त्याचे आभारच. आमचं म्हणणं एवढंच की त्यानं अर्ध्यावर थांबू नये. आपण सोन्याला नव्हे, उगमाला किंमत देतो असं म्हणायचं आणि उगमाची निम्मी हकिगत झाकायची, हे तर्काला धरून नाही. ते अक्षर मुळात जबाबदारीची खूण होतं ना? मग तोच अर्थ पाळावा. नाण्याच्या पाकिटावर साल, दर्जा आणि पाडलेल्यांची संख्या लिहितात, तिथं एक ओळ वाढवली तर बिघडतं कुठं?

आणि हे फक्त अमेरिकेलाच सांगायचं नाही. १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात, आपल्या मुंबईतही इंग्लंडच्या शाही टांकसाळीची शाखा थोडा काळ चालली. तिथं सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडले गेले, त्यांवर इंडियाचं ‘आय’ अक्षर आहे. आपल्या आज्या त्याला गिनी म्हणत. कुणाच्या घरी जुन्या डब्यात, माळेत ओवलेली अशी गिनी असेल तर सराफाकडं मोडायला नेण्याआधी भिंग घेऊन बसा. अक्षर सापडलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ती कुणाची, कशी आली, कुणाच्या कष्टाची, कुणाच्या अडचणीत गहाण पडून सुटली. मिळेल ती हकिगत कागदावर लिहून नाण्यासोबत ठेवा.

डालोनेगाच्या जळालेल्या टांकसाळीच्या पायावर आज विद्यापीठाची इमारत उभी आहे, तिच्या मनोऱ्याला १९७३ मध्ये तिथल्याच सोन्याचा वर्ख चढवला. मुलं तिथं शिकायला येतात. त्या मुलांना गावाच्या नावाचा अर्थ कुणीतरी सांगत असावं, अशी आमची इच्छा आहे.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.