मुंडा (कोरकू स्मृतिफलक)

मृतांच्या स्मरणार्थ कोरकू आदिवासी उभारतात तो कोरीव सागवानी फलक. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद व संग्रामपूर हे सातपुड्याच्या पायथ्याचे तालुके कोरकू मुलखाच्या नैर्ऋत्य कडेला येतात. या परंपरेचा गाभा शेजारच्या मेळघाटात आणि मध्य प्रदेशातील बैतूल, खंडवा या भागांत आहे.

मुंडा मृत्यूनंतर लगेच बसवत नाहीत. त्यासाठी ‘सिडोली’ हा विधी करावा लागतो. पाहुण्यांचे जेवण, बळी आणि मद्य यांचा खर्च मोठा असल्याने घराण्यातील अनेक मृतांची सिडोली एकदमच उरकण्याची रीत आहे. फळी गावाबाहेर झाडाखाली रोवतात. कोरीव काम उथळ उठावाचे असते: आकृतीभोवतीचे लाकूड तासून काढायचे आणि आकृती तेवढी वर ठेवायची. माथ्याला सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार आणि हातात हात धरून नाचणाऱ्यांची रांग. चेहऱ्यात साम्य आणण्याचा प्रयत्न नसतो. घोडा हयातीत कधीच दाराशी नसलेला माणूसही इथे स्वार होतो! भिल्लांच्या स्मृतिशिळांवरही असाच घोडेस्वार दिसतो.

ही कला उपजीविका का झाली नाही, याचे उत्तर तिच्या स्वरूपातच आहे. मुंडा ठरावीक मृतासाठी घडतो. तो तयार ठेवून विकता येत नाही. दुसरी अडचण लाकडाची. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 नुसार साग हा अनुसूचित वृक्ष असून तो परवानगीविना तोडता येत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क दिला, त्यात बांबू आला. इमारती लाकूड आले नाही. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य तर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. त्यामुळे हस्तकला विकासाच्या योजनांत बांबूकाम सहज बसते, सागाची फळी बसत नाही.

तुलनेने जव्हार परिसरातील बोहाडा या सोंगांच्या लोकोत्सवातील लाकडी मुखवट्यांना शोभेची वस्तू म्हणून गिऱ्हाईक मिळाले. स्मृतिफलकावरील घोडेस्वार भेटवस्तूवर उतरवणे अशक्य नाही, पण तेव्हा तो मुंडा राहत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरकूंची मिळकत मुख्यतः कोरडवाहू शेती, मजुरी, मोहफुले, तेंदूपाने आणि हंगामी स्थलांतर यांवर चालते.