पारितोषिक आणि काळाची कसोटी
ब्रिटिश वृत्तपत्रसृष्टीतील सन्मानांचा इतिहास

लंडनमध्ये 'डेली कोरंट' हे पहिले इंग्रजी दैनिक १७०२ साली निघाले. आज ज्या वार्षिक पारितोषिकांचा तेथे सर्वाधिक बोलबाला आहे, त्यांचा उगम मात्र १९६२ सालचा आहे. मधल्या अडीचशे वर्षांत इंग्रज पत्रकाराचे मोल ठरविले ते वाचकांनी, न्यायालयांनी आणि काळाने. हे काम परीक्षकमंडळावर सोपविल्यावर काय घडले, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो. कारण आपल्या वाङ्मयीन संस्थाही प्रतिवर्षी पारितोषिके देतात, आणि देताना आपण निर्णय देत आहोत याचा पुष्कळदा विसर पडतो.

हॅनन स्वॅफर (१८७९–१९६२) हे फ्लीट स्ट्रीटवरील एक विक्षिप्त पण वजनदार व्यक्तिमत्त्व. नाट्यसमीक्षक म्हणून गाजलेले, मृतात्म्यांच्या संदेशांवर श्रद्धा ठेवणारे, आणि आपल्याच व्यवसायाला बोचऱ्या शब्दांत सुनावणारे. त्यांच्या निधनाच्याच वर्षी 'द पीपल' व 'वर्ल्ड्स प्रेस न्यूज' या पत्रांनी त्यांच्या नावे पारितोषिके सुरू केली. पुढे तीच 'ब्रिटिश प्रेस अवॉर्ड्स' म्हणून रूढ झाली. १९९१ पासून त्यांचे आयोजन 'प्रेस गॅझेट' या व्यवसायपत्राकडे होते. २०१० पासून ते संपादकांच्या 'सोसायटी ऑफ एडिटर्स' या संघटनेकडे आले.

या परंपरेची खरी परीक्षा २००५ साली झाली. त्या वर्षी 'सर्वोत्कृष्ट वृत्तपत्र' हा मान 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकास मिळाला. प्रसिद्ध व्यक्तींच्या खासगी आयुष्यातील प्रकरणे उघडकीस आणणे, हे या पत्राच्या यशाचे मोठे भांडवल होते. समारंभही गोंगाटाचा झाला, आणि अनेक राष्ट्रीय पत्रांच्या संपादकांनी या पारितोषिकांवर बहिष्कार पुकारला. पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. जानेवारी २००७ मध्ये याच पत्राचा राजघराण्याच्या बातम्या पाहणारा संपादक आणि एक खासगी गुप्तहेर यांना दूरध्वनीवरील निरोप चोरून ऐकल्याबद्दल कारावास झाला. जुलै २०११ मध्ये, खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या दूरध्वनीवरील निरोपांनाही या पत्राने हात घातल्याचे प्रसिद्ध झाले. देशभर संताप उसळला. १८४३ साली जन्मलेल्या त्या पत्राचा अखेरचा अंक १० जुलै २०११ रोजी निघाला, आणि न्यायमूर्ती लेव्हसन यांच्या चौकशीस आरंभ झाला.

२००५ च्या परीक्षकांना हे सारे ठाऊक असणे शक्य नव्हते, असे म्हणता येईल. आणि तो बचाव अंशतः न्याय्यही आहे. परंतु बातमी कोणती, हे पाहताना ती कोणत्या मार्गाने हाती आली हे विचारण्याची रीतच त्या कसोटीत मुरली नव्हती. धनी कसा झाला हे न विचारता धनिकाचा सत्कार करावा, तसाच हा प्रकार होय.

योगायोग असा की त्याच २००५ साली दुसरे एक पारितोषिक जन्मास आले. अन्यायाने शिक्षा भोगणाऱ्यांसाठी लेखणी झिजविणारे पॉल फूट २००४ साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ 'प्रायव्हेट आय' आणि 'गार्डियन' यांनी शोधपत्रकारितेसाठी हे पारितोषिक ठेवले. २०११ सालचे ते निक डेव्हिस यांना मिळाले. दूरध्वनी-प्रकरण २००९ पासून चिकाटीने उकरून काढणारे पत्रकार ते हेच. एका पारितोषिकाने ज्या पत्राचा गौरव केला, त्याच पत्राचे पितळ उघडे पाडणाऱ्याचा गौरव दुसऱ्याने केला.

तिसरे उदाहरण जॉर्ज ऑर्वेल यांच्या नावाच्या पारितोषिकाचे. ऑर्वेल यांचा जन्म १९०३ साली आपल्या देशातील मोतीहारी येथे झाला. पोलीस खात्याच्या नोकरीचे शिक्षण घेण्यास ते १९२२ साली मंडालेस गेले. लोकमान्य टिळकांनी जेथे सहा वर्षांची शिक्षा भोगली तेच हे शहर. ऑर्वेल यांचे चरित्रकार बर्नार्ड क्रिक यांच्या पुढाकाराने हे पारितोषिक १९९० नंतरच्या दशकात आजच्या रूपास आले. २००८ साली ते योहान हारी या स्तंभलेखकास मिळाले. पुढे त्यांच्या लेखनातील उसनवारीचा बोभाटा झाला. परिषदेने पारितोषिकप्राप्त लेखांची छाननी केली. त्यांपैकी एका लेखात चुका आणि दुसऱ्याच्या कहाणीची सरमिसळ तिला आढळली. २०११ साली हारी यांनी पारितोषिक परत केले. दिलेला मान पुन्हा तपासण्यास ती संस्था कचरली नाही, हे आम्हांस त्या पारितोषिकाचे भूषण वाटते.

शेवटी एक निराळे स्मरण. थॅलिडोमाइड या औषधाने व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांची बाजू 'संडे टाइम्स'ने १९७२ साली घेतली. तिच्या एका लेखावर न्यायालयाने बंदी घातली. १९७३ साली लॉर्ड्सच्या सभागृहाने ती पुन्हा लागू केली. अखेर १९७९ साली स्ट्रासबूर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अकरा विरुद्ध नऊ मतांनी पत्राच्या बाजूने कौल दिला. सात वर्षांच्या या झुंजीचे मूल्य कोणत्याही वार्षिक समारंभात मापता आले नसते.

या इतिहासावरून आम्ही तीन गोष्टी घेतो. फळाबरोबर त्याचे मूळही तपासावे. दिलेला सन्मान परत घेण्याचे धैर्य आपल्या नियमांतच असावे. आणि ज्या कार्याला वर्ष पुरत नाही त्याकडे दुर्लक्ष होऊ नये. आपल्या परिषदांतील परीक्षक जेव्हा पुस्तकांची रास पुढे घेऊन बसतात, तेव्हा या तिन्ही गोष्टी त्यांच्या समोर असाव्यात. पारितोषिक देणारा आपल्या निवडीतून स्वतःचीही पारख करून देत असतो, आणि ती पारख काळ कधीच विसरत नाही.